माझ्या गुडघ्यावर बहुमत

गुडघ्यातला तुटलेला लिगामेंट काढून त्या जागी दुसरा घालता येतो, हे मला कळलं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पण तो नवा लिगामेंट हाडात कशाने धरून ठेवायचा, यावर नाशकातल्या दोन डॉक्टरांचं अजिबात पटत नाही, हेही त्याच आठवड्यात कळलं. आणि या वादाचा निकाल आमच्या कॉलनीतली माणसं हात वर करून लावतील, हे मात्र मला आधीच समजायला हवं होतं. आमच्याकडे सगळंच हात वर करून ठरायचं.

माझे वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात होते. कॉलनीतले निम्मे पुरुष तिथेच कामाला. दर रविवारी विहारात सतरंजी अंथरून बैठक व्हायची. अध्यक्षस्थानी शाळेतले मास्तर. नळाला पाणी कोणत्या वेळी सोडावं, कुणाच्या मुलाने कुठल्या शाखेला जावं, मोर्चात पुढे कोण आणि मागे कोण, या सगळ्यावर ठराव होई. महत्त्वाचा ठराव असेल तर पत्रक छापून येई. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर. आमच्या कपाटाच्या खणात पत्रकं अंथरलेली, चपात्यांच्या डब्याच्या तळाशी पत्रक, खिडकीच्या फुटक्या काचेवर पत्रक. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘गवत’ यांच्या आधी वाचता येत होते. त्या पत्रकांवर माझं आजही प्रेम आहे. ती काढणाऱ्यांबद्दल तेवढंच म्हणता येत नाही.

मी कॉलनीच्या मुलींच्या संघात कबड्डी खेळायचे. चढाई माझी. ओझरच्या एका सामन्यात गडी मारून परत वळताना समोरच्या मुलीने माझा डावा घोटा धरला. अंग वळलं, पाऊल तिथेच राहिलं, आणि गुडघ्यात ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. गुडघा टरबुजासारखा सुजला. कुणी पाला बांधला, कुणी लेप लावला, सूज उतरली आणि सगळ्यांनी मला बरी झाल्याचं जाहीर करून टाकलं. मला चालता येत होतं ना! पण वळायला गेले की गुडघा निसटायचा. मांडी एकीकडे, नडगी दुसरीकडे. बसच्या पायरीवरून उतरताना निसटला, हंडा घेऊन मागे वळताना निसटला. कबड्डीत चालून भागत नाही, वळावं लागतं. वळता आलं नाही तर माझं मैदान संपलं, एवढा सरळ हिशेब होता.

पहिले डॉक्टर जुन्या नाशकातले, वयाने मोठे, कबड्डीच्या स्पर्धांना प्रमुख पाहुणे म्हणून हार घालून घेणारे. त्यांनी माझी नडगी धरून ड्रॉवर उघडावा तशी पुढे ओढली आणि ती खरोखरच पुढे आली. मग ते वडिलांशी बोलू लागले. गुडघा माझा, पोटरी माझी, दुखत होतं मला, पण संभाषण दोन पुरुषांत.

त्यांनी सांगितलं ते असं. गुडघ्याच्या वाटीखाली जो जाड पट्टा असतो त्याच्या मधला भाग काढायचा, दोन्ही टोकांना हाडाचा एकेक तुकडा ठेवायचा. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडायचे आणि पट्टा त्यातून ओवायचा. इथपर्यंत दोन्ही डॉक्टरांचं एकमत. भांडण पुढे होतं. टोकाचे तुकडे बोगद्याच्या भिंतीशी एकजीव व्हायला दीड-दोन महिने लागतात. तोवर पट्ट्याला जागेवर धरून कोण ठेवणार? हे डॉक्टर तुकड्याला भोक पाडून मजबूत दोरे ओवायचे, ते हाडाबाहेर काढायचे आणि तिथे सदऱ्याच्या बटणासारख्या एका चकतीवर त्यांची गाठ मारायचे. गंगापूर रोडला नवीन दवाखाना थाटलेले दुसरे डॉक्टर दोरा वापरत नसत. ते तुकडा आणि बोगद्याची भिंत यांच्या फटीत स्क्रू पिळायचे. दार वाजू नये म्हणून आपण पाचर मारतो, तसं.

“ते भिंतीत खुंटी ठोकणं झालं,” बटणवाले म्हणाले. “स्क्रूच्या आट्यांनी पट्टाच कापला तर? तुकडा फुटला तर?”

“ती पायजम्याची नाडी झाली,” स्क्रूवाले म्हणाले. “दोरा ताणतो, गाठ ढिली होते. मग पट्टा काय कामाचा?”

दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि माझा संताप त्यावरच होता. दुसऱ्याच्या पद्धतीतलं वैगुण्य दोघांना तोंडपाठ. स्वतःच्या पद्धतीतलं विचारलं की दोघांनाही नेमका फोन यायचा.

वडिलांनी हे सगळं रविवारच्या बैठकीत मांडलं. मी आईजवळ मागे बसले होते, पाय लांब करून.

“बंधूंनो,” मास्तर म्हणाले, “प्रश्न वैयक्तिक दिसतो, पण वैयक्तिक नाही.”

हे वाक्य आमच्याकडे पाण्याच्या टाकीपासून अणुबॉम्बपर्यंत कशालाही चालायचं.

वडिलांच्या खात्यात रिव्हेट मारणारे एक काका होते. ते उठले. “दोरा म्हंजे दोरा. इमानाचा पत्रा आपण दोऱ्यानं शिवतो का?”

“अन् हाडात आटे बसतील का, काका?” मागून कुणी तरी म्हणालं. “हाड काय ॲल्युमिनियम हाय?”

“मऊ धातूत बसत्यात की.”

“पोरीचा पाय हे. पंखा नाय.”

अर्धा तास हे चाललं. रिव्हेट, आटे, गंज, वॉशर. ज्यांनी आयुष्यात गुडघा आतून पाहिला नव्हता ते विमानाच्या भरवशावर माझ्या हाडाची चर्चा करत होते, आणि तेही एकमेकांवर बोट रोखून. शेवटी मास्तरांनी हात वर करून शांतता केली.

“स्क्रू येतो कुठून?” त्यांनी विचारलं. “परदेशातून. म्हणजे आपल्या मुलीच्या गुडघ्यात परदेशी भांडवल शिरणार. दोरा मात्र आपला.”

“मास्तर,” मी मागून म्हणाले, “ऑपरेशनचा दोराही बाहेरूनच येतो. डॉक्टरांनीच सांगितलं.”

“तो तपशील आहे,” मास्तर म्हणाले.

“मग दुसरा तपशील विचारते. बटण लावलं तर पाय किती दिवस प्लास्टरमध्ये? त्यानंतर गुडघा किती वाकणार? मला संडासात बसता येईल का?”

काका सतरंजीची दशी ओढू लागले. आईने माझी बाही खेचली. “बये, चारचौघांत काय हे बोलणं.” समोर बसलेल्या या पुरुषांनी गेल्याच महिन्यात स्त्रीमुक्तीवर पत्रक काढलं होतं. त्याच्या घड्या मी घातल्या होत्या. बाईने मुक्त व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, फक्त मुक्त झालेल्या बाईला कुठे बसावं लागतं ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

“हा वैद्यकीय मुद्दा आहे,” मास्तर म्हणाले. “तो आपण डॉक्टरांवर सोपवू.”

“आणि बटण की स्क्रू हा काय सामाजिक मुद्दा आहे?”

मागे कुणी तरी हसलं. मास्तरांनी मतदान पुकारलं. बटणाच्या बाजूने हात वर झाले, एकामागून एक, काकांचाही. ज्यांना दोरा पटत नव्हता त्यांनाही परदेशी भांडवल परवडत नव्हतं. वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात वर केला. गुडघा माझा होता, बहुमत त्यांचं.

घरी आल्यावर मी विचारलं, “बाबा, तुम्ही का हात वर केलात?”

“सगळ्यांनी केला.”

“तुम्हाला पटलं?”

“पटायचं काय त्यात. एकट्यानं हात खाली ठेवला की माणूस फुटला म्हणतात.” मग आईकडे वळून म्हणाले, “चहा टाक गं.”

ठराव म्हणजे ठराव, म्हणून ते मला पुन्हा बटणवाल्यांकडे घेऊन गेले. यावेळी डॉक्टरांनी आमच्यासाठी एक माणूस बोलावून ठेवला होता. पेठकडचा एक पोलीस शिपाई, त्यांच्याच हातचा. मोठ्या डॉक्टरांकडे असा एक दाखवायचा पेशंट असतो, वधूपक्षाला दाखवायच्या चांगल्या साडीसारखा.

“चाला,” डॉक्टर म्हणाले. शिपाई चालला. “पळा.” तो व्हरांड्यातून पळाला. “उडी मारा.” त्याने उडी मारली आणि टोपी सावरली. डॉक्टरांनी वडिलांकडे पाहिलं.

“काका, उकिडवं बसून दाखवता?” मी म्हणाले.

शिपायाने डॉक्टरांकडे पाहिलं. मग टेबलाची कड धरून वाकायला लागला. अर्ध्यावर गुडघा अडला. ऑपरेशनचा पाय बाजूला टाकून तो कसाबसा टेकला आणि कसनुसं हसला.

“एवढंच व्हतं, ताई. भाताच्या लावणीला वाकवत नाय आता. भाऊच करतो सगळं. पण पळतो, बघा. लय पळतो.”

“पोलिसाचं काम उभं राहण्याचं,” डॉक्टर म्हणाले. “बसून काय करायचंय?”

“प्लास्टर किती दिवस होतं यांना?”

“सहा-सात आठवडे. त्याशिवाय माझी गाठ मी कुणाच्या हवाली करू?” आणि मग, अर्थातच वडिलांना उद्देशून, “थोडा कमी वाकला तर काय बिघडतं? लग्नानंतर कुठली मुलगी कबड्डी खेळते?”

मी उठले. उठताना गुडघा निसटला आणि मला त्यांच्याच खुर्चीची पाठ धरावी लागली, याचा मला अजून राग येतो. पण मी उभी राहिले. “आम्ही येतो,” म्हणाले. वडील नमस्कार करत करत माझ्यामागे बाहेर आले.

मग मीच वडिलांना पुन्हा गंगापूर रोडला घेऊन गेले. स्क्रूवाल्यांकडे सगळं नवीन होतं. टेबलावर प्लास्टिकचा गुडघा, भिंतीवर उजेडाची पेटी, तिच्यात क्ष-किरणाचा फोटो, आणि त्या फोटोत हाडाच्या आत एक पांढराशुभ्र स्क्रू. डॉक्टर त्या फोटोकडे इतक्या मायेने पाहत होते की त्याच्याभोवती एक माणूसही आहे याची त्यांना आठवण करून द्यावी असं वाटलं. तो माणूसही आलाच थोड्या वेळाने, मोटारसायकलवरून. पिंपळगावकडच्या एका द्राक्षाच्या व्यापाऱ्याचा मुलगा.

“मांडी घालता येते?” मी त्याला विचारलं.

त्याने विचार केला. “घातलीच नाही ऑपरेशननंतर. आमच्याकडे टेबल आहे ना जेवायला.”

“संडासात?”

“तिथेही खुर्चीसारखंच आहे.”

डॉक्टर प्रसन्न हसले, जणू ते टेबलही त्यांनीच बसवलं होतं. म्हणजे एकाचा नमुना बसू शकत नव्हता आणि दुसऱ्याच्या नमुन्यावर बसायची वेळच आली नव्हती. या दोन साक्षीदारांच्या जोरावर नाशकात शास्त्र चाललं होतं.

“अशी किती केलीत तुम्ही?” मी विचारलं.

“बाहेर तर आता सगळीकडे हेच...”

“तुम्ही?”

“परदेशातल्या मासिकांत...”

“तुम्ही स्वतः, डॉक्टर.”

“थोडी,” ते म्हणाले. “हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.”

“आणि पाय कधी वाकवू देणार?”

“दुसऱ्या आठवड्यापासून. पकड पक्की असेल तर प्लास्टर कशाला? बटणवाले प्लास्टर घालतात ते गुडघ्यासाठी नाही, गाठीच्या भीतीने.”

त्यांच्या सगळ्या बोलण्यात हे एक वाक्य सोन्याचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून चुकून पडावं तसं पडलं. त्या वाक्यावर माझा निर्णय झाला. कुणाची पकड जास्त घट्ट, हा प्रश्नच अर्धवट होता. हाड एकदा जुळून आलं की बटणही रिकामं आणि स्क्रूही रिकामा. दोघांचं काम त्या पहिल्या दीड-दोन महिन्यांपुरतं. त्या दिवसांत पाय लाकडासारखा ठेवला तर गुडघा लाकडाचा होणार, आणि पेठच्या शिपायासारखी मी अर्ध्यावर अडणार. पकडीच्या भरवशावर पाय किती लवकर हलवता येईल, एवढंच विचारायचं होतं. विमानं बनवणाऱ्या माणसांनी अर्धा तास घालवूनही ते विचारलं नव्हतं.

बाहेर स्टॉपवर आम्ही बसची वाट पाहत उभे राहिलो.

“मास्तरांना काय सांगू?” वडील म्हणाले.

“सांगा, सभासदानं ठराव मोडला.”

“तू सभासद नाहीस. बायका सभासद नसतात.”

हे त्यांनी सवयीने म्हटलं. बस आली तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला धरून मला पायरीवर चढवलं. दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर गंगापूर रोडला जाऊन ते ऑपरेशनचा दिवस ठरवून आले. बैठकीत कुणाला विचारलं नाही. मास्तर पुढे दोन महिने आमच्या दारावरून मान वळवून जात होते.

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा हात खाली नेला आणि बोटांना प्लास्टर लागलं. मांडीपासून घोट्यापर्यंत. मला वाटलं, गुंगी आहे अजून. मी त्यावर नखाने वाजवून पाहिलं.

“उत्तम झालंय,” डॉक्टर फेरीवर आले तेव्हा म्हणाले. “स्क्रू असा बसलाय की बघत राहावं.”

“मग हे काय आहे?”

“थोडी खबरदारी. सहा आठवडे.”

“तुम्ही दुसरा आठवडा म्हणाला होतात.”

“हाड जरा मऊ वाटलं,” ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

मला त्या क्षणी बटणवाले डॉक्टर बरे वाटले. ते निदान आपल्या गाठीला घाबरतात हे कबूल करत होते. या माणसाने दोऱ्याची टिंगल केली, नाडी म्हणून हसला, भिंतीवर स्क्रूचा फोटो देवासारखा लावला, आणि वेळ आली तेव्हा स्वतःच्या स्क्रूवर स्वतःच विश्वास ठेवायला तयार नव्हता. पद्धती दोन, भीती एकच, आणि ती भोगायला माझा पाय.

टाके काढायचा दिवस आला. डॉक्टरांनी कंपाउंडरला प्लास्टरला खिडकी पाडायला सांगितली, तेवढ्यातून टाके काढून परत बंद करणार होते.

“खिडकी नको,” मी म्हणाले. “पूर्ण कापा.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही. पण प्लास्टर गाठीच्या भीतीनं घालतात, हे तुम्हीच सांगितलंत. तुमच्याकडे गाठ नाही. मग ही भीती कशाची आहे?”

कंपाउंडर करवत हातात घेऊन उभा. डॉक्टर वडिलांकडे वळले, शहाणी माणसं नेहमी वळतात तसे. “समजावा जरा मुलीला.”

वडिलांना यातलं काही कळत नव्हतं. ते रिव्हेटवाले होते आणि हाड ॲल्युमिनियम नव्हतं, एवढं आता त्यांच्या ध्यानात आलं होतं.

“साहेब, तिचं ऐका,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी फोटोच्या पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कंपाउंडरला मान हलवली. करवतीची धूळ माझ्या मांडीवर उडत राहिली. प्लास्टर उभं दुभंगलं. वरचा भाग त्यांनी उचलला आणि खालचा पन्हळीसारखा ठेवला, म्हणजे पाय त्यातून काढता आणि परत ठेवता येईल. आतून निघालेला पाय माझा आहे हे ओळखायला वेळ लागला. मांडी वाळलेल्या शेंगेसारखी, कातडीला खपल्या, आणि मधोमध वाटीवर लांबलचक शिवण.

टाके निघाले. मग डॉक्टरांनी गुडघ्याखाली हात घातला आणि जरा वाकवला. डोळ्यांत पाणी आलं. ते थांबले.

“पुरे आजच्यापुरतं.”

“अजून,” मी म्हणाले.

“दुखतंय तुम्हाला.”

“मला दुखतंय. तुम्हाला कशाला थांबायचंय? अजून.”

त्यांनी आणखी थोडा वाकवला. मग फोटो काढायला पाठवलं, मला धीर यावा म्हणून नव्हे, त्यांना स्वतःला. फोटो ओला असतानाच त्यांनी तो उजेडावर धरला. स्क्रू जिथे होता तिथेच होता.

“तुमचा स्क्रू तुमच्यापेक्षा धीट निघाला, डॉक्टर,” मी म्हणाले. ते हसले नाहीत. वडिलांना मात्र एकदम खोकला आला आणि ते व्हरांड्यात निघून गेले.

त्यानंतरचं काम कुठल्याच डॉक्टरचं नव्हतं. आई खाटेच्या कडेला बसून माझी टाच धरायची आणि रोज थोडी जास्त दाबायची. मी ओरडले की म्हणायची, “ओरड, ओरड. विहारात ओरडायला लाज वाटली नाही तुला, इथं कसली?” एक दिवस मी भिंत धरून उकिडवी बसले. टाच जराशी उचललेली राहिली, ती अजूनही राहते. आईने शेजारणीला हाक मारून दाखवलं, आणि या वेळी शब्दही पूर्ण उच्चारला, कुठे बसता येतं आता पोरीला तो.

बैठकीने तो ठराव कधी रद्द केला नाही. म्हणजे कॉलनीच्या अधिकृत मतानुसार माझ्या गुडघ्यात आजही स्वदेशी बटण आहे. कुणाच्या पोराचा पाय मोडला की लोक मला विचारायला येतात, बटण चांगलं की स्क्रू? त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं, घोषणा देता येईल असं. मी म्हणते, डॉक्टरला विचारा, पाय कधी वाकवू देणार? आणि दिलेला शब्द पाळला नाही तर कुणाशी भांडायचं तेही ठरवून जा. लोकांना हे उत्तर आवडत नाही. ते पुन्हा विचारतात, पण चांगलं कोणतं?

पुढच्या हिवाळ्यात मी मैदानावर उतरले. संघातल्या मुलींनी मला पहिल्या डावात बाहेर बसवलं, जपायचं म्हणून. दुसऱ्या डावात मी न विचारता रेषा ओलांडली. दम धरला, आत शिरले, कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला हात लावला. ती झेपावली. मी डाव्या पायावर सगळं वजन टाकलं आणि वळले. मांडी वळली, नडगी तिच्याबरोबर वळली. मी रेषेकडे धावत सुटले.